कासरा सैल राहू दे

बाळा, तुझी कारवान कुत्री बिजली तुला सावेडीच्या रस्त्यावरून फरफटत नेते आणि हातातून सुटली की तासभर कोणाला सापडत नाही, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. साखळी आणखी जाड घेऊ का, गळ्यात टोचणारा पट्टा घालू का, असं तू त्यांना विचारायला लावलंस. दोन्ही घेऊ नकोस. ज्याच्या रक्तात धावणं आहे त्याला जाड साखळीनं फक्त गळा सोलून मिळतो. तुझ्या आबांनी आयुष्यभर कारवान पाळले. त्यांच्याकडून जे शिकले आणि पुढं जनावरांच्या डॉक्टरांकडून जे समजलं, ते सगळं आज एकदा नीट सांगते. आबांचं म्हणणं एका वाक्यात असायचं: कारवानाचं धावणं बंद करायला जाऊ नये, त्याला परत येणं शिकवावं. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आधी तुझ्या घरात कोण आलं आहे ते ओळख. आपल्याकडं ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, त्यालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे घराण्यानं ही जात जोपासली. मालोजीराजे घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी नजर केली होती, असं तिकडचे लोक आजही अभिमानानं सांगतात. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं आणि 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली. हे सांगते ते मिरवायला नाही. लष्करातली माणसं ज्याच्यावर मेहनत घेतात, ते कुत्रं ‘बिनडोक आहे, शिकत नाही’ असं शेजाऱ्यांनी म्हटलं म्हणून तू मान डोलावू नयेस, एवढ्यासाठी सांगते.

हे कुत्रं नजरेनं शिकार करणारं आहे. दुसरी कुत्री जमिनीला नाक लावून वास घेत जातात, हे मान उंच करून लांबवर बघतं. माळावर काही हललं की आधी डोळे स्थिर होतात, अंग ताठ होतं आणि मग ते सुटतं. सुटल्यावर तुझी हाक त्याच्या कानात शिरत नाही, कारण त्या घडीला ते सगळं डोळ्यांत गोळा झालेलं असतं. तेव्हा हाक मारण्याची वेळ सुटण्याच्या आधीची. डोळे स्थिर झाले, मान ताठ झाली, तेवढ्या क्षणात तू बोललास तर ते ऐकेल. पुढचे काही दिवस बिजलीला फिरवताना मोबाइल खिशात ठेव आणि फक्त तिची मान बघत चाल. मांजर दिसल्यावर ती कशी होते, स्कूटर गेल्यावर कशी होते, दुसरं कुत्रं किती लांब असताना ताठ होते, हे तुला पाठ झालं पाहिजे. ज्याला आपल्या कुत्र्याची मान वाचता येते, त्याच्या हातून कुत्रं सहसा सुटत नाही.

आता गळ्याचं. कारवानाचं डोकं निमुळतं आणि मान लांब, जाड. साधा पट्टा मान खाली घालून मागं सरकलं की कानांवरून सहज निसटतो. बिजली दोनदा सुटली ती तुझा हात ढिला पडला म्हणून नव्हे, पट्टाच निसटला असणार. रुंद, मऊ पट्टा घे, निदान दोन बोटं रुंदीचा. शहरात मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो. कुत्र्यानं मागं ओढलं की तो थोडा आवळतो, डोक्यावरून निघत नाही आणि ओढ थांबली की आपोआप सैल होतो. या जातीसाठी तो फार चांगला. तो पूर्ण आवळल्यावरही पट्टा आणि मान यांत दोन बोटं सरकली पाहिजेत, नाहीतर श्वास कोंडेल. घरी असताना तो काढून ठेव, कशात अडकला तर फास बसतो. घरात साधा पट्टा असू दे, त्यावर तुझा फोन नंबर कोरलेली पट्टी. नंबर कागदावर लिहून चिकटवू नकोस, पहिल्या पावसात जातो.

ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस आणखी बरा. फक्त पाठीवर कडी असलेला हार्नेस घालून फिरवलंस तर ती छातीचा सगळा जोर लावून तुला ओढेल, बैल जू ओढतो तसा. कडी पुढं असली की ओढताना तिचं अंग तुझ्याकडं वळतं आणि जोर वाया जातो. आत वळलेल्या टोकांचा जो पट्टा दुकानात दाखवतात, तो घेऊच नकोस. टोचल्यावर ती थांबेल, पण समोर जे होतं त्यानंच आपल्याला टोचलं असं ती धरेल आणि शेजारच्या पोराला किंवा दुसऱ्या कुत्र्याला बघितल्यावर गुरगुरायला लागेल. बाहेर टोकं असलेला पट्टा वेगळा, त्याचं पुढं सांगते. ओढली की आपोआप लांब होत जाणारी दोरीही नको. साखळीऐवजी सहा फुटांचा गुंफलेला सुती पट्टा घे आणि तो मनगटाला कधीच गुंडाळू नकोस. हातात मूठ धरायची, म्हणजे पडलास तरी फरफटला जाणार नाहीस.

आपल्याकडं पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायची रीत आहे. कुत्र्यालाही बांधतात. लाकूड पायात येऊन आपटतं, गुडघे सोलतात, आणि विहिरीत पडलं तर ते घेऊनच खाली जातं. तुला कोणी हा उपाय सांगितला तर ऐकू नकोस.

आबा खोंड शिकवायचे तेव्हा मी बघितलं आहे. नवं खोंड कासऱ्याला ओढ देऊ लागलं की ते उलटी ओढ देत नसत. जागच्या जागी पाय रोवून उभे राहायचे, कासरा आहे तेवढाच धरायचे, आणि खोंडानं मान जरा वळवली की त्याच क्षणी हात सैल करायचे. “ताण दिला की ताणच मिळतो,” म्हणायचे. कुत्र्याचंही हेच आहे. तू मागं ओढलंस की तिचं अंग आपोआप पुढं जोर लावतं, तिला मुद्दाम करावं लागत नाही. म्हणून ओढाओढीत तू कधीच जिंकणार नाहीस.

सुरुवात रस्त्यावर करायची नाही. भिस्तबाग चौकातल्या गर्दीत तिला पहिला धडा देऊ नकोस. अंगणात किंवा गच्चीवर कर, जिथं बघण्यासारखं काही नाही. आधी तिला थोडी दमव, दोरी ओढायचा खेळ खेळ, मग पट्टा लाव. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे डब्यात घे. डाव्या बाजूला चालवायचं असेल तर पट्टा उजव्या हातात, पोटाशी, आणि तुकडे डाव्या हातात. चालायला लाग. ती तुझ्या गुडघ्याच्या रेषेत असताना तुकडा विजारीच्या शिवणीला लावून दे. हात पुढं करून देऊ नकोस, पुढं दिलास की ती पुढंच येईल. पट्टा ताणला की तू थांब. काही बोलू नकोस, ओढू नकोस, रागावू नकोस. ती वळून बघेल, नाहीतर एक पाऊल मागं येईल, पट्टा सैल होईल. त्या क्षणी “शाब्बास” म्हण आणि चालायला लाग. चालणं हेच तिचं बक्षीस आहे. काही वेळा थांबून उपयोग होत नाही, ती पुढं बघत उभीच राहते. तेव्हा तू हळूच उलट्या दिशेला वळ, ती मागं आली की शिवणीला तुकडा.

पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत पोचायलाही वेळ लागेल. जाऊ दे. आतापर्यंत तिला एकच कळलं आहे की ओढलं की पुढं जायला मिळतं. ती सवय मोडायची तर एकदाही ओढून पुढं जायला मिळता कामा नये. मध्येच ती आणखी जोरात ओढेल. ते बिघडणं नव्हे, जुनी युक्ती चालत नाही हे कळल्यावर ती आणखी नेटानं करून बघते. तेवढ्यात तू हरलास आणि दोन पावलं जाऊ दिलंस तर तिला कळेल की आणखी जोरात ओढावं लागतं, एवढंच. आणि घरातल्या सगळ्यांनी हेच केलं पाहिजे. तू थांबतोस आणि दादा ओढू देतो, असं चाललं तर काहीच शिकायची नाही. घाईच्या दिवशी, ऑफिसला उशीर होत असेल तेव्हा शिकवायला जाऊ नकोस. त्या दिवशी हार्नेस घालून नेऊन आण. पट्टा म्हणजे धडा आणि हार्नेस म्हणजे साधं फिरणं, एवढं तिला वेगळं कळतं.

आणखी एक. फिरायला गेल्यावर तिला हुंगू दे. माणसं कुत्र्याला घाईनं ओढत नेतात, जणू ती पोस्टमनची फेरी आहे. खांबापाशी, झाडापाशी तिला जे वाचायचं ते वाचू दे. सैल पट्ट्यावर झाडापर्यंत आली की “जा, हुंग” म्हणून सोडायचं. पुढं जाण्याची ओढ तीच तुझ्या हातातली मोठी लाच आहे.

आता हाकेचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं कुत्र्याला बोलावताना “यू यू” म्हणतात, अंगावर घालताना “छू” आणि हाकलताना “हाड”. पोरं रस्त्यावर खेळताना दिवसभर “छू छू” आणि “हाड हाड” करत असतात. तुझ्या घरात हे दोन शब्द बंद कर. “छू” म्हटल्यावर धावणारं कुत्रं एक दिवस कोणातरी म्हाताऱ्या माणसाला पाडतं. आणि बिजलीचं नाव दिवसातून शंभर वेळा घेतलं जातं, त्याला आता काही किंमत उरलेली नाही. परत येण्यासाठी एक वेगळा शब्द ठरव. आबा “घेऽ” म्हणायचे, लांब ओढून. तो शब्द आधी घरात, जेवणाची ताटली हातात असताना. शब्द, मग लगेच घास. पुढं दोघं दोन खोल्यांत उभे राहा, आळीपाळीनं हाक द्या, आली की मऊ तुकडा. हा खेळ तिला इतका आवडेल की तुम्ही दमाल.

मग बाहेर. तीस फुटांचा जाड सुती दोर आण, बैलांचा कासरा विकतात तिथं मिळेल. नायलॉनचा नको, तळहात कापतो. दोर हार्नेसच्या पाठीच्या कडीला बांध, गळ्याला बांधू नकोस, नाहीतर धावत जाऊन हिसका बसला तर मान मोडेल. दोर जमिनीवर घसटत राहू दे, तुझ्या पायाशी त्याचं टोक. ती हुंगत असताना एकदाच हाक दे. एकदाच. चारदा हाक दिलीस की ती चौथ्या हाकेलाच यायला शिकते. आली तर तुकडे एकामागून एक, पाच-सहा, कौतुक कर, पट्ट्याला हात लाव, आणि परत सोड. हे सोडणं विसरू नकोस. नाही आली तर दोर हळूच गोळा करत तिच्याकडं जा, ओढत आणू नकोस, आणि पुढच्या वेळी आणखी जवळ असताना हाक दे.

बहुतेक लोक एक गोष्ट करतात आणि कुत्रं बिघडवतात. ते कुत्र्याला फक्त घरी न्यायला बोलावतात. आलं की साखळी, आलं की अंघोळ, आलं की फिरणं संपलं. असं चार वेळा झाल्यावर कोणतंही कुत्रं हाक आली की लांब उभं राहून बघतं. म्हणून दहा हाकांपैकी नऊ हाकांवर तुकडा देऊन परत सोडायचं. अंघोळ, नखं कापणं, इंजेक्शन यासाठी हाक मारायची नाही, तू स्वतः जाऊन पट्टा लाव. आणि तासभर पळून आल्यावर तुला कितीही राग आला तरी हात उचलायचा नाही. मार पळाल्याबद्दल होता हे तिला कळत नाही. शेवटी तिनं काय केलं? ती परत आली. मार तिला परत येण्याचा वाटतो. नामदेव महाराजांची गोष्ट तुला ठाऊक आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावले. कुत्र्यानं आपल्याकडं यावं असं वाटत असेल तर आपल्या हातात काय आहे ते त्याला दिसलं पाहिजे. मला त्या गोष्टीत नेहमी हे दिसतं.

सुटलीच तर? मागं धावायचं नाही. तू धावलास की ती तिच्यासाठी शर्यत होते आणि कारवानाला तू आयुष्यात गाठणार नाहीस. उलट्या दिशेला धाव, आनंदानं ओरडत. किंवा खाली बस, पाठ अर्धी वळव, जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं करत राहा. डबा खुळखुळव. गाडीचं दार उघड. कुत्र्याला गाडीत बसायची हौस असेल तर ती त्या दारासाठी येईल. जवळ आल्यावर डोक्यावरून झडप घालू नकोस, हनुवटीखालून हात नेऊन पट्टा धर. नजरेआड गेली तर जिथून सुटली तिथं तुझा घामाचा सदरा आणि तिची गोधडी ठेव, पाणी ठेव. घरात एक माणूस थांबू दे. लोकांना फोटो दाखव, पण हेही सांग की दिसली तर ओरडू नका, मागं लागू नका, फक्त फोन करा. घाबरलेलं कुत्रं माणसांच्या घोळक्याला बघून आणखी लांब जातं. रात्री शांत झालं की ते बहुतेक वेळा मागं येतं, तेव्हा अंधारातही कोणीतरी तिथं बसलेलं हवं.

आपल्या नगर जिल्ह्यात कुत्रं सुटण्यात जो धोका आहे तो शहराच्या पुस्तकांत नसतो, म्हणून हे नीट ऐक. पहिला धोका बिनकठड्याच्या विहिरी. दुसरा शेततळी. आता जागोजागी प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी झाली आहेत. पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं त्या कागदावरून वर येऊ शकत नाही. नख रुतत नाही, ते पोहून पोहून दमतं आणि बुडतं. मी आमच्या तळ्यात चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले जाड दोर आणि जुने टायर सोडून ठेवले आहेत. शेजाऱ्यांनाही सांगते. शेळ्या, कुत्री, रानातली जनावरं, सगळ्यांचा जीव त्यानं वाचतो. तू कोणाच्या वस्तीवर बिजलीला सोडणार असशील तर आधी तळ्याच्या कुंपणाभोवती एक फेरी मार. तिसरा धोका रानडुकरांसाठी तारेत सोडलेली वीज. झटका मशीनचा झटका बसून कुत्रं ओरडून पळतं, पण कोणी चोरून थेट लाइन टाकलेली असली तर तिथंच संपतं. आणि उसाच्या गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळा तोंडावर येईपर्यंत, रात्रभर दुहेरी ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. त्यांना कुत्रं दिसत नाही आणि दिसलं तरी ब्रेक लागत नाही.

चौथा बिबट्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून त्याचं खाणं शोधलं. 2014 साली आलेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-गुरांपेक्षा जास्त. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर, जिथं ऊस आहे तिथं बिबट्या आहे. त्या भागात पाहुणा म्हणून गेलास आणि बिजलीला अंगणात साखळीनं बांधलंस तर ती रखवाली करत नाही, ती आमिष होते. साखळीतलं कुत्रं पळूही शकत नाही. रात्री तिला दाराच्या आत झोपव, पहाटे अंधारात उसाच्या कडेनं फिरवू नकोस. मेंढक्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर टोकं असलेला पत्र्याचा पट्टा तू पाहिला असशील. बिबट्या मानेला धरतो म्हणून तो असतो. तो तुझ्या बिजलीला घरात घालायचा नाही, पण रानात मेंढरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्याला तो असावा.

आणि हे मला तळमळीनं सांगायचं आहे. आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, 1980 पासूनचं, अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. काळवीट त्या रेषेत राहत नाहीत. ते आमच्या ज्वारीत येतात, श्रीगोंद्याच्या माळावर जातात. पूर्वी माणसं कारवान घेऊन सशामागं जायची, आबाही तरुणपणी गेले. मग त्यांनी सोडलं, आणि आम्हाला कधी जाऊ दिलं नाही. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्रं मागं लावणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. शिवाय कुत्र्यानं दात लावला नाही तरी हरीण नुसत्या पळापळीनं आणि भीतीनं नंतर मरू शकतं, आणि पाडस असलेली मादी मागं राहते ती वेगळीच. म्हणून माझ्याकडं आल्यावर बिजलीला माळावर मोकळी सोडायची नाही. “आत्याकडं मोकळं रान आहे, तिथं धावून घेईल” असं वहिनी म्हणाल्या. ते रान मोकळं नाही, तिथं आधीपासून राहणारे आहेत.

मग धावायचं कुठं? चारी बाजूंनी भिंत किंवा जाळी असलेली जागा शोध. ओळखीच्या शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी फाटक लावून मिळालं तर बघ, विचारून. आमच्याकडं डाळिंबाच्या बागेला चारी बाजूंनी जाळी आहे, तिथं ती धावेल. कारवान मोकळा सुटला की जीव तोडून चार-पाच चक्कर मारतो आणि मग दिवसभर झोपतो. त्याला रोज दोन तास रस्त्यावर चालवण्यापेक्षा आठवड्यातून काही वेळा असं पूर्ण धावायला मिळालं तर घरात तो फार शांत राहतो. जेवणानंतर दीड-दोन तास धावू द्यायचं नाही. छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि मग काही तासांत जीव जातो. पोट फुगलं, ओकारी नुसती येते आणि बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच मिनिटाला दवाखाना. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघ. तुला सहन होत नसेल तर तिच्या पंजाला कसं होईल? पावसाळ्यानंतर गवताची कुसळं पंजाच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, घरी आल्यावर बोटं उघडून बघायची. त्याच वेळी गोचीड शोधायचे, कानाच्या आत, बगलेत, बोटांच्या मध्ये. गोचिडामुळं येणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो.

दमलेल्या अंगाइतकंच दमलेलं डोकंही लागतं. भाकरीचे तुकडे जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवून ते शोधायला लाव. पाऊस असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. मात्र खाण्यात कांदा-लसूण कुठल्याही रूपात नको, शिजवलेलाही नको. कांद्यानं कुत्र्याचं रक्त फुटतं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा आपण कुत्र्याला काढतो. तेव्हा बाजरीचा रोडगा द्यायचा, वांग्याचं भरीत नाही. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण असतो हे घरातल्या लहानांना सांगून ठेव.

भाद्रपदाचं तुला वेगळं सांगायला नको. बिजलीचं पहिलं माजावर येणं झालं आहे, आणि त्या दिवसांत ती पळायला बघणारच, बाहेरची कुत्रीही दारात बसणार. पिल्लं काढायची नसतील तर डॉक्टरांशी बोलून तिचं ऑपरेशन करून घे. ‘कारवानाची जात वाचवायची’ म्हणून पिल्लं काढणारे बरेच आहेत, पण त्या पिल्लांना घर शोधणारे कमी. नगरच्या रस्त्यावर कारवानाची हाडं दिसणारी पिल्लं मी बघते आणि मला वाईट वाटतं. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी घाबरून पळालेली कुत्री सगळ्यात जास्त हरवतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आण, मग दारं-खिडक्या लाव, पंखा आणि टीव्ही मोठा कर, आणि पट्टा-नंबर घालून ठेव. रेबीजची लस वर्षाच्या वर्षाला, तारीख कॅलेंडरवर लिहून. ती सुटून कोणाला दात लागला तर भांडत बसू नकोस. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लाव, स्वतः त्या माणसाला सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि बिजलीच्या लसीचा कागद दाखव.

लोक म्हणतील, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हणू दे. आबांचा शेवटचा कारवान म्हातारपणी बाजाराच्या दिवशी मिरजगावच्या गर्दीतून त्यांच्या गुडघ्याला लागून चालायचा, कासरा सैल लोंबत असायचा. त्याच्या तरुणपणी त्यानं आबांना बिजलीपेक्षा जास्त पळवलं होतं.

येत्या रविवारी तिला घेऊन ये. सकाळी काही खायला न देता आण, म्हणजे इथं तुकड्यांवर शिकेल. मागच्या सीटवर हार्नेसला पट्टा बांधून बसव, खिडकी चार बोटांपेक्षा जास्त उघडू नकोस, आणि वस्तीवर पोचल्यावर फाटक बंद केल्याशिवाय गाडीचं दार उघडू नकोस.